घळीतली भरती

कासम नाखव्याला बुडवायचं मी सत्त्याऐंशी साली ठरवलं. माझा भाऊ मजीद म्हणाला, बुडवू, पण आधी त्याच्या तोंडून खरं काढून घेऊ.

माझा नवरा मुसा कासमच्या ट्रॉलरवर खलाशी होता. कड्याखालच्या घळीत जाळं अडकलं, तेव्हा कासमनं त्याच्या कंबरेला दोरी बांधून त्याला पाण्यात उतरवलं. भरती चढली, ट्रॉलर खडकाकडे ओढला जाऊ लागला, आणि कासमनं दोरी कापून पळ काढला. बंदरावर मात्र सांगितलं, गडी पिऊन होता, दोरी त्यानंच कापली. ज्यानं जन्मात दारूचा वास घेतला नाही, त्याची विधवा आमच्या मिरकरवाड्यात दारुड्याची बायको झाली. कासम मात्र ईदेला तांदळाची गोण धाडून मोकळा झाला.

सत्त्याऐंशी साली कासमच्या जावयानं कुवेतहून पाण्यात बघायची काच आणि तोंडात धरायची नळी आणली. म्हाताऱ्याला रंगीत मासे बघायचं खूळ लागलं. त्यानं मजीदची होडी सांगितली, आणि जायचं ठरवलं तेही त्याच घळीत. पलीकडच्या दर्ग्याला जाते म्हणून मीही होडीत बसले. मांडीवर पदराखाली टेपरेकॉर्डर होता. आखातातल्या माणसांना आम्ही तेव्हा पत्राऐवजी कॅसेटच भरून पाठवायचो.

घळीत कासम पालथा तरंगत राहिला. वर फक्त नळी दिसत होती. मजीदनं आवाज न करता होडी मागे घेत घळीच्या तोंडाशी आणली. कासमनं डोकं वर काढलं तेव्हा भरती लागली होती. एका लाटेनं त्याची काच नेली, दुसरीनं त्याला खडकावर आपटलं. तो खडकाला धरून राहिला.

"मजीद, होडी आण रे."

"आधी मुसाचं सांग," मी म्हणाले.

तो हसला, मग त्यानं शिव्या दिल्या. मग पाणी त्याच्या हनुवटीला लागलं.

"नव्हता प्यायला तो. दोरी मीच कापली. ट्रॉलर गेला असता गो मासूमा."

कॅसेट फिरत होती. मजीदनं निघायला वल्हं उचललं. मलाही निघायचंच होतं, खोटं कशाला बोलू? पण त्याच वेळी मला कासमचा जनाजा दिसला. जनाज्यापाशी घरचा माणूस उभा राहून म्हणतो, मय्यताकडून काही चुकलं असेल तर माफ करा. आणि लोक माफ करतात, सगळा मोहल्ला करतो. मजीदलाही त्या रांगेत उभं राहून माफ केलं म्हणावं लागलं असतं.

"होडी आत घे," मी म्हणाले.

"दया आली काय तुला?"

"मेला तर माफ करतील त्याला."

आम्ही त्याला ओढून वर घेतलं. संध्याकाळी मी ओटीवर कॅसेट लावली. कुवेतची कॅसेट आली असं वाटून बायका जमल्या. पुढे बसली होती कासमची बायको इशरत. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि उठून माहेरी गेली. त्यानंतर कासमच्या ट्रॉलरवर एकही खलाशी चढला नाही. मशिदीत त्याच्या शेजारची जागा रिकामी राहते.

आता त्याला दमा झालाय. परवा फार वाढला, दार उघडायलाही घरात कोणी नव्हतं, तेव्हा डॉक्टरला मीच घेऊन गेले. प्रत्येक नमाजाला मी अल्लाकडे त्याच्यासाठी लांब आयुष्य मागते.