दोष माझ्या काचेत नव्हता

मी दुर्बीण. बारा वर्षं दुसऱ्यांना दाखवण्यात गेली, आज जरा माझं ऐका. फार दमले आहे, तेव्हा बोलता बोलता मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. पुण्याचे अमोलराव मला घेऊन गोव्यात पक्षी बघायला यायचे. पेडण्यातल्या हळर्णला त्यांना बाबली भेटला. हा खाणीवरचा ट्रक चालवायचा. खाण बंद पडली आणि घरी बसला. पण नुसती शीळ ऐकून पाखरू कुठलं, कुठल्या झाडावर, सगळं सांगायचा. शेवटच्या दिवशी अमोलरावांनी मला त्याच्या गळ्यात घातलं. "बाबलीभाऊ, हिचं खरं काम तुमच्याकडे आहे," म्हणाले. त्या दुपारी बाबली मला गळ्यात ठेवूनच जेवायला बसला. "गळ्यातलां सोन्याचां जणू!" म्हणून त्याची बायको देवकी हसत सुटली.

तेव्हापासून पाव्हणे घेऊन हिंडणं हाच आमचा धंदा. हळर्णचा पडका किल्ला, नदीकाठ, मयेचं तळं. पावसात तिबोटी खंड्या, थंडीत बदकं. आणि माणसं! अरे देवा, माणसं तर विचारू नका. हातभर लांब कॅमेरे घेऊन यायची, पक्षी दिसला रे दिसला की खटाखट खटाखट, आणि लगेच मान खाली घालून फोटो बघत बसायची. पक्षी बिचारा समोर फांदीवरच असायचा, पण त्याच्याकडे बघतो कोण? एखादा तर मोबाईलवर पाखराचा आवाज लावून त्याला फसवून बोलवायचा. मग बाबली खवळायचा. "तेका घर आसा, पोरां आसत. उगीच हाक मारू नका!"

दोन वर्षांपूर्वी काहीतरी बिनसलं. डावीकडची फांदी बाबलीच्या कपाळाला लागायची. उजवीकडून धनेश पक्षी फडफडत जायचा, पाव्हणे ओरडायचे, आणि हा आपला समोर बघतोय. "ही दुर्बीण बिघडली," म्हणायचा. नाचता येईना अंगण वाकडं! चारचौघांत त्यानं कानांवर निभावून नेलं, आणि लोक उलट कौतुक करायचे, बाबलीकाकांचे कान बघा म्हणून. त्याची छाती कशी धडधडायची ते मला ठाऊक, मी छातीवरच होते ना. पाखरं सुटली तर दुसरा धंदा येत नव्हता. आणि धंद्याचं सोडा, सकाळी पाखरं बघितली नाहीत तर त्याला घास गिळत नसे.

गेल्या वर्षी मे महिन्यात गावात डोळ्यांचं शिबिर भरलं. बाबलीनं डॉक्टरांपुढे आधी मलाच धरलं. "हिच्यातसून कडेचां दिसणा नाय." डॉक्टरांनी त्याचे डोळे नीट तपासले. "काचबिंदू आहे. उशीर करू नका, मोठ्या इस्पितळात दाखवा," म्हणाले आणि चिठ्ठी दिली.

आता मोतीबिंदू बाबलीला माहीत, त्याच्या आईचा काढला होता. काचबिंदू मात्र त्यानं जन्मात ऐकला नव्हता. काच कुणाची? माझी! घरी येऊन देवकीला समजावतोय कसा, "डोळ्यात पडता तो मोतीबिंदू. काचेत पडता तो काचबिंदू. डॉक्टरान बरोबर ओळखल्यान!" आणि ती चिठ्ठी त्यानं माझ्या पिशवीत कोंबली. आजार माझा, तर कागदही माझाच!

चोर सोडून संन्याशाला सुळी. म्हापशाच्या एका कारागिरानं मला खोललं, पुसलं, "काय नाय हिच्यात," म्हणाला. बाबलीला पटलं नाही. मग पावसाळाभर देवकीनं मला पिशवीसकट उकड्या तांदळाच्या डब्यात पुरलं, तांदूळ ओल ओढून घेतो म्हणून. माझ्या काचा लख्ख होत्या हो! ती चिठ्ठी माझ्या अंगाला चिकटून पडलेली, आणि मला तोंड नाही. त्या अंधारात मी फार तळमळले.

जानेवारीत एका सकाळी बाबलीचा तोल सुटला. "ही मेली विहिरीत टाकतंय!" म्हणून तो मला घेऊन अंगणात निघाला. देवकीनं मला हिसकावून घेतलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच स्वतः डोळ्यांना लावलं.

"अगो बाई! नदीपलीकडे शांता म्हशी धुता ती दिसता. म्हशीच्या पाठीवर बगळो बसलोहा. हिच्यात काय्येक बिघाड नाय वो..." बोलता बोलता तिनं मला खाली घेतलं. ती त्याच्या बाजूला गेली आणि कानाजवळ बोटं धरली. "अवो, ही बोटां किती?"

"खंयची बोटां?" बाबली समोर बघत म्हणाला.

देवकीनं घराकडे तोंड करून हाक मारली. आवाज ऐकून त्यांची सून हर्षा धावत आली. मला पिशवीत ठेवताना तिला चिठ्ठी सापडली. वाचली, आणि पोरगी तशीच सासऱ्याकडे वळली. "बाबा, काचबिंदू म्हंजे डोळ्यांचो रोग. तुमच्या डोळ्यांचो!"

मोठ्या इस्पितळात सांगितलं, गेली ती नजर आता येणार नाही. उरलेली थेंब घालून राखायची. आधी आला असता तर पुष्कळ वाचली असती. परतीच्या बसमध्ये बाबली मला मांडीवर घेऊन बसला होता. मला त्याचा राग यायला हवा होता. नाही आला, फार वाईट वाटलं.

माझं हे गाऱ्हाणं तुमच्यासाठी आहे. दिसेनासं झालं तर हातातल्या वस्तूला शिव्या घालण्याआधी स्वतःचे डोळे दाखवून या. आणि डॉक्टरांचा शब्द कळला नाही तर पुन्हा विचारा, त्यात लाज कसली?

काल सकाळी दोघं मयेच्या तळ्यावर गेली. पाव्हणे नव्हते. बाबलीनं मला गळ्यातून काढलं आणि देवकीच्या गळ्यात घातलं.

"माका आता दुर्बीण कित्याक गो? माजे डोळेच दुर्बीण जाले. मदलां तेवढां दिसता. कडेचां तू सांग. डावीकडे बदकां आसत मा? आवाज येता. किती आसत?"

देवकीनं मला डोळ्यांना लावलं. तिचे डोळे वाहत होते, माझ्या काचा पार भिजून गेल्या. त्या पाण्यातून तिला एकही बदक दिसत नव्हतं.

"खूप आसत," ती म्हणाली. "खूप आसत वो."