ताईची मगर

"वेपियाकाका, मारा की हाक. पाहुणे उन्हात उभे आहेत," मुखियांचा पुतण्या कानाशी लागला.

मी शीळ घालायला बोटं तोंडाशी नेली आणि पुन्हा खाली घेतली. काखेत कोंबडी फडफडत होती. सुगीचा सण. हद्दीपलीकडून, शेजारच्या बुर्किना देशातून गाड्या भरभरून माणसं आलेली, ढोल घुमत होते, आणि सगळ्यांना मगरीच्या पाठीवर हात ठेवून फोटो हवे होते.

आमच्या गावात प्रत्येकाचा जीव तळ्यातल्या एकेका मगरीत असतो; मगर गेली की तिचं माणूसही जातं. सगळ्यांत थोरली मगर माझ्या काचानाताईची. ताई सुगीच्या आधीपासून अंथरुणाला खिळली होती, आणि तिची मगरही अलीकडे दिसली नव्हती. आज गावादेखत हाक मारूनही ती आली नसती, तर बायका दिवेलागणीआधीच आमच्या दारात रडायला बसल्या असत्या, आणि ताईला ते पडल्या पडल्या ऐकावं लागलं असतं.

म्हणून मी, तळ्याचा राखणदार, लबाडी केली. शीळ मुद्दाम अर्धवट घातली. पुरी शीळ थोरलीची; अर्धवट शिळेला धाकट्या मगरी फसतात. एखादी आली की पाहुण्यांचं भागलं असतं, आणि थोरलीला बोलावलंच नव्हतं असं म्हणता आलं असतं.

पाणी हललं. आली ती थोरलीच. माझा जीव भांड्यात पडला.

चिखलातून अंग ओढत ती वर आली आणि जबडा उघडून पडली. मी कोंबडी पुढे केली. तिनं घेतली नाही. अगदी दातांशी नेली, तर तिनं जबडा मिटला, मग डोळेही मिटले. मी कोंबडी हळूच अंगरख्याच्या घोळात दडवली.

पाहुणे खूश. इतकी गरीब मगर त्यांनी कुठे बघितली होती! एका बाईनं तिची शेपटी उचलून फोटो काढून घेतला. मी रोजच्यासारखा शेजारी हसत उभा राहिलो, आणि मला स्वतःचीच चीड आली. खात का नाही, असं पुतण्यानं विचारलं. सकाळीच खाल्लंय, असं ठोकून दिलं.

घरी आलो. ताईच्या उशाशी बाजरीच्या घाट्याचा वाडगा सकाळी ठेवला तसाच होता.

"आली होती का रे?"

"आली ना, ताई."

"कोंबडी घेतली?"

"घेतली. गपकन गिळली."

तेवढ्यात माझ्या अंगरख्याच्या घोळात कोंबडी कुरकुरली. तिला सोडायचंच मी विसरलो होतो.

ताईची नजर त्या घोळावर गेली.

"सोड तिला," ती म्हणाली. "सकाळपासून उपाशी असेल बिचारी."

मी कोंबडी खाली सोडली. ताईनं हात लांबवून वाडगा जमिनीवर ठेवला आणि हळूच तिच्याकडे सरकवला.