खुंटीवरचा उष्टा नान

मित्रांनो, मला केव्हाच चुलीत घालायला हवं होतं, इतका मी जुना आहे. मी नानावर नक्षी उठवायचा ठसा. अक्रोडाची मूठ, खाली खिळ्यांचं फूल. उझबेकिस्तानातल्या मार्गिलान गावच्या सुताराने मला घडवलं आणि सनोबरच्या बापाने तंदुरापाशी आणलं. त्याचा हात भाजून निकामी झाला, सनोबरची शाळा सुटली आणि मी तिच्या हाती आलो.

राहिलेल्या परीक्षा तिने घरूनच दिल्या. कॉलेज पाहिलं नाही. पण गल्लीतल्या बायका जमवल्या, प्रत्येकीला माझ्यासारखा ठसा करून दिला आणि धंदा उभा केला. लोक म्हणत, "फूल बघा आणि नान डोळे मिटून घ्या."

मग तिने ताश्कंदच्या व्यवस्थापन शाळेत अर्ज केला. पदवी नसलेल्यांनाही तिथे कामाच्या जोरावर मुलाखतीला बोलावत. अदोलत मावशी म्हणाली, "तंदुरात डोकं घालणारीला तिथं खुर्ची कोण देणार गं?" तरी निघताना तिनेच नान पुढे धरला. लांब जाणाऱ्याने एक घास दाताने तोडायचा. उरलेला खुंटीला टांगतात, तो त्यानेच माघारी येऊन संपवायचा. सनोबरने घास तोडला आणि मला पिशवीत टाकलं.

"पदवी कुठाय?" मुलाखतीत पहिलाच प्रश्न. चीड आली मला! सनोबरने मला टेबलावर ठेवलं.

मुलाखत घेणाऱ्या निगोरा मॅडमनी मला उलटंपालटं करून पाहिलं. "कधी सपशेल फसलात?"

"फसले ना! सगळ्यांचं फूल एकच केलं. एकीने कच्चे नान विकले, शिव्या साऱ्यांना. मग सांगितलं, कडेला आपापली खूण टोचा. आता कच्चा कुणाचा ते कळतं, चांगला कुणाचा तेही."

"आणि कुणी दुसरीचीच खूण टोचली तर?"

सनोबर म्हणाली, "टोचतात, मॅडम. उपाय सापडत नाही. म्हणून तर आले."

अशी छाती मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही.

घरी मावशी वाटच बघत होती. "आलीस? भिजवून खा तो नान आणि विषय संपव."

"अजून मी गेलेच कुठे, मावशी?"

नान तसाच राहिला. मावशी येता-जाता खुंटीकडे बघायची. एका दुपारी फोन आला : निवड झाली. मावशी ढसाढसा रडली आणि लगेच खेकसली, "आता तंदूर काय मी बघू? जा, जा लवकर!"

सनोबर गेली. आता सगळ्यांकडे नवे पोलादी ठसे आहेत. मी नानाशेजारी टांगलेला. खिळे गंजलेत, मूठ तडकली आहे.

मित्रांनो, माणसाला कागद मागण्याआधी विचारा, तू काय उभं केलंस? आणि ज्या हत्यारावर उभे राहिलात, त्याला कधीतरी तेलाचा हात लावा. मावशी रोज नानावरची धूळ फुंकते, मला विसरते. विसरू दे. नान तेवढा जपा म्हणावं. तो खाणारी यायची आहे.