बायनाबाईनं लपवलेला माळ

सकाळपासून बायनाबाईचं बूड जमिनीला टेकलं नव्हतं. भाकरी थापता थापता ती दोनदा उठली; एकदा मेंढरांकडं बघायला आणि एकदा उगाचच. तव्यावरची भाकर करपली तेव्हा तिनं नवऱ्यालाच धारेवर धरलं.

"वास येईना का तुमाला? नाक मेंढरांपाशी इसरून आलाव काय?"

सटवा गरीब माणूस. त्यानं करपलेली भाकर आपल्या पुढ्यात ओढली आणि मान खाली घालून खायला लागला. चाळीस वर्षांत त्याला एवढं कळलं होतं की बायको उगाच भांडते तेव्हा भांडण त्याच्याशी नसतं.

भांडण होतं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर डकवलेल्या कागदाशी. रस्ता रुंद करताना तोडलेल्या झाडांच्या बदल्यात थोरल्या माळावर झाडं लावायची, भोवती चर खणायचा, तारा ओढायच्या आणि पाच वर्षं जनावराला आत पाय ठेवू द्यायचा नाही. आज अकराला ग्रामसभा, तिथं ठराव. नेकनूरच्या अलीकडं धनगरांची ही सहा घरं, आणि सहाही घरांची मेंढरं त्याच माळावर. चर खणला की मेंढरं न्यायची कुठं, हे कागदात कुणी लिहिलं नव्हतं.

एवढ्यात दारात स्कूटी थांबली. बीडच्या कॉलेजात शिकवणारी स्वप्ना दोन वर्षं माळावर पाखरं मोजत फिरत होती. आठवडाभर उन्हात हिंडून ही पोरगी वहीत चार आकडे लिहायची, याचं बायनाबाईला लई हसू यायचं. तिच्या पातळ चपलांवरून टोमणे मारल्याशिवाय ती तिला ताक देत नसे. पण ताक चुकलं नव्हतं.

आज स्वप्नानं ताकाला हात लावला नाही. पिशवीतून झेरॉक्स काढली.

"आजी, ही गावाची जैवविविधतेची नोंदवही. गावात कोणतं गवत, कोणतं झाड, कोणतं पाखरू, ते गावानंच सांगून लिहून ठेवलेलं. थोरल्या माळाचं पान वाचून दाखवू?"

"मला वाचून दावतीस? चौथीपस्तोर गेल्ते मी साळंत."

"मग वाचा."

बायनाबाईनं कागद लांब धरला, मग जवळ धरला. 'थोरला माळ. पडीक. गवत नाही. पक्षी नाहीत. प्राणी नाहीत. दगड.' त्याखाली माहिती देणाराची सही. पाणी प्यायला निघालेल्या मेंढरांसारखी, एकामागं एक, मोठी मोठी अक्षरं.

"सही तुमचीच ना?"

"त्या वहीवाल्या मानसानं आंगठ्यासाठी शाईची डबी म्होरं केल्ती. मी म्हणलं, उचल ती डबी. मला लिवता येतंय."

"सहीचं नाही विचारत. हे सगळं का सांगितलं तुम्ही?"

बायनाबाई उठली. पदर खोचला, सोडला, पुन्हा खोचला.

"माझ्या अहवालात धाविकीची चौदा घरटी आहेत," स्वप्ना म्हणाली. धाविक म्हणजे मातकट रंगाचं, लांब पायांचं पाखरू. उडतं कमी, पळतं जास्त. "फोटो आहेत, तारखा आहेत. तरी जिल्ह्याच्या साहेबांनी अहवाल परत पाठवला. म्हणाले, गावच म्हणतंय माळावर काही नाही, मग तुमचं खरं धरू का गावाचं? झाडं कुठं लावायची हे ते या वहीवरून ठरवतात, आजी. तुमच्या सहीवरून."

सटवानं हळूच भाकरीचा तुकडा खाली ठेवला. बायकोनं असं का सांगितलं ते त्याला माहीत होतं. त्याच्याच बापानं तीस वर्षांमागं वनखात्याच्या माणसाला मोठ्या कौतुकानं डोंगराकडचं गवत दाखवलं होतं. हे बघा साहेब, कमरेएवढं मारवेल, चाललं तर माणूस दिसत नाही. साहेबानं खूश होऊन चहा घेतला आणि महिन्याभरात तारा ओढून ते रान मेंढरांना बंद झालं. निम्मी मेंढरं गेली. म्हातारा मरेपर्यंत त्या दिशेला तोंड करून बसला नाही. तेव्हापासून बायनाबाईच्या घरात एकच शिस्त. परक्या माणसानं विचारलं, तिकडं काय आहे, तर सांगायचं, दगडं. सोयऱ्यानं विचारलं तरी दगडंच. वहीवाल्या माणसाला तिनं तेच सांगितलं होतं आणि वर स्वतःच्या हुशारीवर आठवडाभर हसली होती.

"चला आजी सभेला. सांगा त्यांना."

"काय सांगू? बायना खोटारडी हाय म्हणून?"

बायनाबाईनं तीन चकरा मारल्या, अंगणात, उन्हात, अनवाणी. मग नवऱ्याला म्हणाली, "मेंढरं आज तुमी न्या," आणि स्कूटीवर न बसता तरातरा चालायला लागली.

सभा शाळेच्या वऱ्हांड्यात होती. सरपंच राधाकिशन मध्ये, शेजारी जिल्ह्याचे साहेब, समोर साठसत्तर माणसं. झाडं लावायची म्हटल्यावर नको कोण म्हणणार? लोक आधीच माना डोलवत होते. स्वप्नानं फोटो दाखवले. माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे, तिथं खड्डे खणून झाडं लावली तर गवत जातं आणि गवतावरची पाखरं जातात, असं तिनं नीट समजावून सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, वही उघडली आणि बोट ठेवलं.

"मॅडम, तुमचा अभ्यास मी मान्य करतो. पण गावची नोंद ही अशी आहे. मी कशाच्या आधारावर जागा बदलू?"

बायनाबाई बायकांच्या बाजूला बसली होती. बसली कसली, मिनिटाला मांडी बदलत होती. शेजारची अंजना म्हणाली, "आत्याबाई, मुंग्या हायेत का खाली?" त्यासरशी ती उठली.

"ती नोंद खोटी हाय."

राधाकिशननं चष्म्यावरून पाहिलं. "मावशे, सही तर तुझीच हाय."

"सही खरी हाय. लिवलेलं खोटं हाय. मी खोटं सांगितलं."

वऱ्हांड्यात हशा पिकला. तोही साधासुधा नाही. ज्या बाईनं गावातल्या प्रत्येकाला कधी ना कधी तोंडावर झोडपलं होतं तिचं नाक कापलं गेल्याचा हशा. मागून बंकट ओरडला. त्याचीही मेंढरं त्याच माळावर, आणि बायनाबाईशी त्याचं पिढीजात वैर. "अन् आमाला म्हणती, बंकट, तुझ्या जिभंला हाड न्हाई!"

"तुझ्या जिभंला हाड असतं तरी तू चाटलंच असतंस ते. गप बस."

साहेब हसले नाहीत. "आजी, तेव्हा खोटं सांगितलंत. मग आज खरं सांगताय हे मी कसं धरू?"

बायनाबाईच्या मानेवर घाम आला. उत्तर माळावर होतं. मधल्या खोलगटीत, दगडांच्या आड, जिथं तिनं स्वप्नालासुद्धा दोन वर्षांत जाऊ दिलं नव्हतं. तिकडं साप लई, असं तिला आणि साऱ्या वस्तीला सांगितलं होतं. ते दाखवलं तर साहेब म्हणणार, वा, आणि उद्या तार ओढणार. नाही दाखवलं तर झाडांसाठी तार ओढणारच. तिला दोन्हीकडून तारच दिसत होती.

"दावते," ती म्हणाली. "पर आधी एक लिवा. ह्या माळावर मेंढरं आजवर चरली तशी चरतील. ते वहीत चढल्याबगर माझा पाय उचलायचा न्हाई."

"तसं लिहायचा अधिकार मला नाही."

"मंग कुनाला हाय?"

साहेबांनी सरपंचाकडं पाहिलं. राधाकिशननं मान खाजवली. तेव्हा स्वप्ना उठली.

"गावाच्या समितीला आहे. वहीत रकानाच आहे, जमीन कोण वापरतं आणि कशी वापरतं त्याचा. तो इथं कोरा सोडलाय. आणि साहेब, माझ्या चौदा घरट्यांपैकी बारा चरलेल्या, आखूड गवतात आहेत. धाविकीला उंच गवतात पळता येत नाही. डोंगराकडच्या तारेच्या आतल्या रानात मी दोन वर्षं शोधतेय. एकही घरटं नाही. मेंढरं काढली तर हे पाखरूही जाईल."

बायनाबाई तिच्याकडं बघतच राहिली. ते चार आकडे ह्याच्यासाठी होते तर.

"हे आधी कावून न्हाई बोललीस?"

"अहवालात होतं, आजी. कुणी पान उलटलं नाही."

साहेबांचे कान तांबडे झाले. राधाकिशननं शाळेच्या टेबलावर वही ओढली आणि कोऱ्या रकान्यात लिहायला घेतलं. हात वर झाले. सगळ्यांचे नाही, पण पुरेसे. दोघंतिघं पुटपुटत उठून गेले, की म्हातारीच्या मेंढरांपायी गावाला सावली मिळेना.

मग माळावर सगळी वरात निघाली. बायनाबाई पुढं, साठीतली बाई, आणि साहेब बुटांनी ठेचकाळत मागं. भादव्याचं ऊन पाठीला चावत होतं. मोठ्या दगडांच्या कडेनं ती खोलगटीत उतरली आणि थांबली.

समोर मारवेल उभं होतं, दाट, कमरेएवढं. तुरे जांभळट झालेले.

"दसऱ्यापस्तोर इथं मेंढरू घालीत न्हाई आमी," ती म्हणाली. "बी पडू देतो. मंग चारतो. वरच्या अंगाचं रोज चारायचं, हे राखायचं. माझ्या सासूनं शिकवलं, तिला तिच्या सासूनं. हिथलं बी वाऱ्यानं वर जातं, म्हून वर गवत हाय. हितं खड्डे घेतले की संपलं."

स्वप्ना गुडघ्यावर बसली होती. तुरा हातात धरून बघत होती आणि चक्क रडत होती. "दोन वर्षं," ती म्हणाली, "दोन वर्षं साप सांगितलेत तुम्ही."

"हायेत की साप. नीट बस."

साहेबांनी फोनवर फोटो काढले, जागेची खूण घेतली. थोरला माळ झाडांच्या यादीतून तूर्त बाजूला ठेवतो, पुन्हा तपासणी होईल, असं म्हणाले. तूर्त. बायनाबाईनं तो शब्द ऐकला आणि पदर पुन्हा खोचला.

आणि तिनं दुसरंही पाहिलं. बंकट खोलगटीच्या काठावर उभा राहून गवत नजरेनं मोजत होता. वीस वर्षं तो हिच्या मेंढरांच्या अंगावरची चरबी बघून जळत होता, आणि आज त्याला कारण कळलं होतं.

"असं हाय व्हय," तो म्हणाला. "आमाला दगडं, अन् तुला हे."

बायनाबाई त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. शिव्या ओठांवर आल्या होत्या, चांगल्या ठेवणीतल्या. तिनं गिळल्या.

"दसऱ्यापस्तोर न्हाई," ती म्हणाली. "मंग आधी माझी, मागून तुझी. कबूल असंल तर वहीत तुझं बी नाव चढव. न्हाईतर तुझं एक मेंढरू हितं दिसलं की बघ."

बंकटनं गवताकडं पाहिलं, साहेबांकडं पाहिलं. "मागून कावून? एक साल आड. यंदा तू आधी, म्होरल्या साली मी."

"बरं. एक साल आड," असं म्हणताना बायनाबाईला दात उपटल्यासारखं झालं. ती स्वप्नाकडं वळली. "ए पोरी, डोळे पूस अन् लिव. ह्याला मारवेल म्हनत्यात. त्याच्या पलीकडं ते आखूड दिसतंय ते निराळं हाय. चल, उठ, लई लांब जायचंय."