चार आठवडे आधी

नगरपालिकेच्या आरोग्य समितीचा मी अध्यक्ष झालो, तेव्हा आमच्या रुग्णालयात परिचारिकांच्या चाळीसपैकी एकोणीस जागा रिकाम्या होत्या. मी तातडीने उपाय केला: ‘आदर्श परिचारिका’ प्रशस्तिपत्र. त्यावर माझा फोटो परिचारिकेच्या नावापेक्षा जरा मोठा छापून आला. त्याच महिन्यात आणखी दोघींनी राजीनामे दिले. त्यांतली एक आदर्श होती.

“वहिनींना विचारा की,” बायको म्हणाली. माझ्या थोरल्या भावाच्या बायकोने त्याच रुग्णालयात बारा वर्षं काढली होती. आता त्या चष्म्याच्या दुकानात बसायच्या. घरात जाणकार बाई असताना मी बाहेरून अहवाल मागवत होतो.

दुकानात जाऊन मी सेवाभावावर बोलायला सुरुवात केली. वहिनी एका चष्म्याचा स्क्रू पिळत होत्या.

“भाऊजी, उद्या तुम्ही कुठे असणार, ते आज माहीत आहे तुम्हाला?”

“अकराला बैठक आहे.”

“मला बारा वर्षं माहीत नसायचं. संध्याकाळी फोन यायचा, उद्या सकाळपाळी. लेकीच्या शाळेच्या कार्यक्रमासाठी सुट्टी घेतली होती, तीही ऐनवेळी रद्द. पाहुणे तुम्हीच होतात ना तिथे?”

होतो. ‘पालकांनी मुलांना वेळ द्यावा’ यावर पाऊण तास बोललो होतो.

घरी येऊन मी मुकाट्याने ठराव लिहिला. ड्यूटीचा तक्ता चार आठवडे आधी लागेल, परिचारिकेला विचारल्याशिवाय बदलणार नाही आणि एकीच्या वाट्याला दहापेक्षा जास्त रुग्ण येणार नाहीत. बैठकीला वहिनींनाही बोलावलं.

“मग खाटा बंद ठेवाव्या लागतील,” रुग्णालयाचे मोठे डॉक्टर म्हणाले. “लोक जाब तुम्हाला विचारतील.”

‘तुम्हाला’ ऐकताच माझं अवसान गळालं. “अभ्यास समिती नेमू,” मी म्हणालो. हे वाक्य मला झोपेतही म्हणता येतं.

मागच्या खुर्चीवरून वहिनी शांतपणे म्हणाल्या, “आज एकेकीकडे चौदा-पंधरा रुग्ण आहेत. खाटा चालू आहेत, पण बघायला माणूस नाही. हे लोकांना तुम्ही सांगता, की मी सांगू?”

मला लोकांची भीती वाटतेच. वहिनींची जास्त वाटते. दोन वॉर्डांपुरता ठराव मंजूर झाला.

बारा खाटा बंद झाल्या. महिनाभर मी बाजारात जाणंच टाळलं, भाजी बायकोने आणली. मग सोडून गेलेल्यांपैकी एक जण आली, भिंतीवरचा तक्ता स्वतः वाचून गेली आणि पुढच्या आठवड्यात रुजू झाली. वर्षभरात सात जणी परतल्या. खाटा एकेक करून उघडल्या. वहिनी सगळ्यांत शेवटी आल्या, तेही आठवड्यातले तीनच दिवस.

परवा मी पाहणीला गेलो, तेव्हा त्या एका आजींना हाताला धरून चालवत होत्या. इतकं सगळं घडवून आणल्याच्या समाधानात मी विचारलं, “काही मदत करू का?”

“करा की,” वहिनी म्हणाल्या. “त्या खुर्चीवरून उठा. आजींना बसायचंय.”