वणवा पथकाचं कुलूप

कुलूप मी फोडलं. हे सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण आता आमच्या वाडीतल्या निम्म्या बायका ते श्रेय घेत फिरताहेत. हौसाकाकू तर देवरूखच्या बाजारात सांगून आली की पहार तिची, म्हणून कुलूपही तिनेच फोडलं. पहार तिची होती, मान्य. घाव माझा.

कुलूप होतं देवळामागच्या खोलीला, आणि ती खोली म्हणजे आमच्या गावाचं अग्निशमन दल. खरं नाव ‘वणवा विरोधी पथक’. दर वर्षी शिमग्याच्या आगेमागे आमचा सडा, म्हणजे गावावरचं कातळाचं पठार, पेटतो. कमरेएवढं वाळलेलं गवत, त्यात कुणी बिडी टाकतं, नाहीतर पेरणीआधी शेत भाजताना कुणाची भाजावळ हातातून सुटते, आणि मग ती आग आंबा बघत नाही की काजू. तालुक्याचा बंब येतो, पण डांबरी संपते तिथपर्यंत. पुढे सड्यावर गाडी चढायला वाटच नाही. म्हणून गेल्या वर्षी आमच्या मुंबई मंडळाने वर्गणी काढून पथक उभं केलं. पाचोळा उडवायला पाठीवर घ्यायचा ब्लोअर आला, लांब काठ्यांना रबराच्या जाड पट्ट्या ठोकलेले झोडपे आले, हेल्मेटं आली आणि पाठीवर नावं छापलेले लाल टी-शर्ट आले. घरटी एक माणूस घ्यायचा ठरलं. माणूस म्हणजे पुरुष, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना आपोआप कळलं.

आता गंमत बघा. ते सगळे पुरुष मुंबईला. माझा संदेशदादा नालासोपाऱ्याला, निलेशकाका दिव्याला. म्हणजे आग आमच्या सड्यावर आणि आग विझवणारे नालासोपाऱ्यात!

जानेवारीत गावकीची बैठक होती तेव्हा मी उभी राहिले. नववीतली मुलगी बैठकीत बोलते म्हटल्यावर आईने मागून माझा ड्रेस ओढला. मी तो सोडवून घेतला.

“तात्या, पथकात माझं नाव घाला.”

सदूतात्या म्हणजे आमचे गावकर. गावकीत त्यांचा शब्द शेवटचा आणि खोलीची चावी त्यांच्या बंडीच्या खिशात. ते म्हणाले, “तुमच्या घरातला संदेश हाय की.”

“तो गणपतीला येतो. गणपतीत वणवा लागत नाही.”

सगळे हसले. तात्याही हसले, पण गालातल्या गालात. “बाय गो, तू कळशी घेऊन ये पाठून. पाणी द्यायला पण माणूस लागतो.”

मला नुसती हौस नव्हती बरं का. वनखात्याच्या सुनेत्रा मॅडम आमच्या शाळेत येऊन गेल्या होत्या. मैदानाच्या कोपऱ्यात गवत पेटवून त्यांनी मला पुढे बोलावलं आणि हातात झोडपा दिला. “आपटायचा नाही, दाबायचा. आणि काहीही झालं तरी पाठीशी काळं ठेवायचं,” असं म्हणाल्या. काळं म्हणजे जळून गेलेली जमीन. तिथे आग परत येत नाही, म्हणून उभं राहायचं ते तिथेच. मी ती आग विझवली तेव्हा अख्खी शाळा टाळ्या वाजवत होती. त्या दिवसापासून मला वर्गात हात वर करायला भीती वाटेनाशी झाली. हात वर करते आणि बोलावलं नाही तरी बोलते.

मार्चमधल्या एका शनिवारी सकाळची शाळा करून घरी येत होते, तर मालनकाकी पायात चप्पल नसताना धावत येताना दिसली.

“वेदिका, सडा पेटलान गो! माझ्या बागेकडं येतोय!”

मालनकाकीच्या घरात दुसरं कुणी नाही. सड्याच्या कडेला कातळात खड्डे मारून तिने काजूची कलमं लावली आणि तीन उन्हाळे डोक्यावरून पाणी नेऊन जगवली. यंदा पहिल्यांदा बोंडं धरली होती. तिने त्यातलं पहिलं बोंड मलाच दिलं होतं, इतकं तुरट की तोंड दिवसभर वाकडं.

मी तात्यांना फोन लावला. ते कोर्टाच्या तारखेला रत्नागिरीला गेलेले.

“तात्या, सडा पेटलाय. चावी कुठाय?”

“माज्याकडं. मी संध्याकाळच्या एसटीनं येतोय. तवर कशाला हात लावू नका. पथकाला मेसेज टाकतो मी.”

मेसेज खरंच पडला होता. ग्रुपवर हात जोडलेल्यांची रांग लागली. कुणीतरी लिहिलं, ‘काळजी घ्या भावांनो’. भाऊ कोण? इथे होत्या सगळ्या बहिणी. संदेशदादाने लिहिलं, ‘माझा टी-शर्ट कुणी घालू नका, नवीन आहे.’

मी फोन दप्तरात टाकला आणि देवळामागे गेले. आधी एक दगड उचलून कुलपावर घातला. आमचा जांभा दगड! त्याचाच भुगा झाला, कुलूप जागच्या जागी. तोवर हौसाकाकू पहार घेऊन आली.

“सरक. मी मारते.”

“नको काकू, गावकीने विचारलं तर तुम्हाला त्रास होईल. मी शाळेतली पोर आहे, मला काय करणार?”

“चल, मार मग. दात खाऊन मार.”

दुसऱ्या घावाला कोयंडा सुटला. तोवर वाडीतल्या बायका जमल्या. सगळ्यांनी झोडपे घेतले, हेल्मेटं घेतली. टी-शर्टना हात लावला नाही, कारण ते पॉलिस्टरचे आणि ठिणगी पडली की अंगाला चिकटतात. दादाने निवांत राहावं. ब्लोअरमध्ये पेट्रोल नव्हतं. मालनकाकीने आपल्या गवत कापायच्या मशीनमधलं ओतलं, त्यात लागणारं तेल आधीच मिसळलेलं असतं, ब्लोअर दोन झटक्यांत सुरू झाला. आई कुठूनशी आली. मला वाटलं आता ओरडते. तिने आपली ओढणी ओली करून माझ्या तोंडाला बांधली आणि म्हणाली, “केस आत घाल.”

सड्यावर पोचलो तेव्हा ज्वाळा माझ्या खांद्याएवढ्या होत्या. समोरून जाण्यात अर्थ नव्हता, वारा समुद्राकडून आणि आगीचं तोंड बागेकडे. मी किंचाळले, “पाठीशी काळं! सगळ्यांनी वळसा घाला!” आणि ज्या बायका मला रोज ‘सावकाश चाल गो’ म्हणतात, त्या माझ्यामागून धावल्या. हौसाकाकूला ब्लोअर देऊन बागेच्या कडेने पाठवलं. तिने पाचोळा उडवत लाल माती दिसेपर्यंत पट्टा मोकळा केला. आम्ही दोन्ही बाजूंनी आग दाबत दाबत अरुंद केली. देवळातला बाबल्या गुरव, वय झालेला माणूस, तोही ऐनाची ओली फांदी घेऊन आला आणि खोकत खोकत झोडपत राहिला. घोट्याजवळ भाजलं ते मला नंतर कळलं.

आग पट्ट्यापाशी आली, थबकली आणि बसली. दोन-चार ठिणग्या पलीकडे उडाल्या, त्या आईने चिरडल्या. बागेची वरची रांग करपली. बाकी सगळी बाग उभी! मालनकाकी करपलेल्या कलमांपाशी गेली, एक एक फांदी वाकवून बघितली आणि म्हणाली, “ह्यातली दोन फुटतील परत.”

आणि दुसऱ्या दिवशी गावकीने मला देवळात बोलावलं.

तात्यांनी नवीन कुलूप आणलं होतं, आधीपेक्षा मोठं. “मुंबईवाल्यांनी माज्या भरवशावर सामान दिलानी,” ते म्हणाले. “पोरीला कायतरी झालं असतं तर मुंबईला तिच्या बापाला मी काय तोंड दाखवलं असतं? चूक ती चूक. नारळ ठेव, देवीची माफी माग, सामान आणून खोलीत ठेवा, विषय संपला.”

त्यांचं बापाबद्दलचं बोलणं खोटं नव्हतं. पण शिमगा अजून व्हायचा होता, सड्याचा अर्धा भाग अजून वाळलेला होता आणि मालनकाकीची बाग त्याच्या बरोबर कडेला. सामान त्या कुलपात गेलं की पुढच्या वेळी परत पहार.

मी नारळ ठेवला. देवीला नारळ द्यायला माझी काय हरकत? आमच्याकडे अशा वेळी गुरव गाऱ्हाणं घालतो आणि जमलेली माणसं साथ देतात. बाबल्या गुरवाने धुराने बसलेल्या आवाजात सुरू केलं, “आई वाघजाई म्हाराजा, ह्या लेकरान कुलूप मोडलान, तिच्या हातना चूक झाली, ती पदरात घे म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा!” तात्या मोठ्याने म्हणाले.

एकटे तात्या. मागच्या बायका गप्प. आई गप्प. हौसाकाकू छताकडे बघत होती, जणू तिथे काहीतरी लिहिलंय.

गुरवाने घसा खाकरून तेच परत म्हटलं. परत एकटे तात्याच. दरवेळी देऊळ दणाणून सोडणारे पुरुष नालासोपाऱ्यात होते ना!

“काय गो, तोंडं शिवलीत काय?” तात्या चिडले.

“चूक झाली असती तर म्हटलं असतं,” मालनकाकी म्हणाली.

मग मी नारळापुढे उभी राहिले. देवळात मुलीने गाऱ्हाणं घातलेलं मी कधी बघितलं नव्हतं. पण देवीला माझी भाषा कळते, एवढं मला माहीत होतं.

“आई वाघजाई म्हाराजा! कुलूप मी मोडलं, आणि सडा पेटला तर परत मोडीन म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” असला आवाज आला की घंटेवरची पाल पळाली.

“जो गावात हाय, त्याच्या हातात झोडपा दे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“मालनकाकीची बाग राख, आणि नाय राखलीस तर आमाला हाक मार म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” ह्यात बाबल्या गुरवाचा बसका आवाजही होता. त्याने कुणाकडे न बघता नारळ उचलला आणि पायरीवर फोडला.

तात्यांनी हातातलं नवीन कुलूप उलटंसुलटं केलं. मग म्हणाले, “सामान कुठाय?”

“माज्या पडवीत,” मालनकाकी म्हणाली. “दाराला कडी पण नाय. जो धावत येईल त्याने घ्यावं.”

“आणि ह्या कुलपाचं काय करू मी?”

“खोलीत टी-शर्ट हायत की,” हौसाकाकू म्हणाली. “ते सांभाळा.”

आई खुदकन हसली. मी खोबऱ्याचे तुकडे वाटत वाटत तात्यांपर्यंत गेले. त्यांनी कुलूप डाव्या हातात घेतलं आणि उजवा हात पुढे केला.

“शाळेच्या वेळेत आग लागली तर बाकावरनं उठून येशील काय?” त्यांनी विचारलं.

“तेव्हा काकू आहेत. आणि तुम्ही गावातच असता की तात्या. वळसा घालून यायचं, पाठीशी काळं ठेवून. शिकवते मी, अवघड नाही.”

त्यांनी खोबरं तोंडात टाकलं आणि कुलूप न लावताच बंडीच्या खिशात सारलं.