सतरा आणि अठरामधला टिळा

माझ्यात चाळीस रिले आहेत. प्रत्येक रिलेत तांब्याच्या तारेचे एक वेटोळे, एक लोखंडी पाते आणि संपर्काच्या दोन जोड्या. म्हणजे वेटोळी चाळीस, पाती चाळीस आणि जोड्या ऐंशी. समोर दोन ओळींत चव्वेचाळीस स्क्रू आणि त्यांच्यावर काळे प्लॅस्टिकचे झाकण. मागे एक लांब कनेक्टर आहे, त्यातून मला कॉम्प्युटरचे हुकूम मिळतात. लोक मला रिले मॉड्यूल म्हणतात. झाशीत सीपरी बाजारामागे एक छोटा कारखाना आहे. त्याच्या स्टोअरमध्ये, वरून दुसऱ्या फळीवर मी हल्ली पडून असतो. चाळीसपैकी चौतीस रिले अजून बोलतात.

मित्रांनो, आमचे बोलणे म्हणजे एवढेच : टिक. वेटोळ्यात वीज आली की पाते ओढले जाते आणि संपर्क जुळतो. टिक. वीज गेली की पाते सुटते. पुन्हा टिक. पण पाते जुळले म्हणजे लगेच स्थिर झाले असे नाही. काही मिलिसेकंद ते संपर्कावर थडथडत राहते. स्वस्थ बसणे आमच्या जातीतच नाही, आणि फळीवर पडून राहिल्यावर तर ही चुळबुळ फारच जाचते.

माझा जन्म बंगळूरचा. एकोणीसशे शहाण्णव सालच्या मे महिन्यात मी थर्मोकोलमध्ये गुंडाळून झाशीला आलो. माझ्या पेटीला बाहेरून हात लावला तर चटका बसत होता. या कारखान्यात शेतातल्या पंपांसाठी कंट्रोल कार्डे बनत. चिरगावच्या रस्त्याला दुतर्फा जे पंप चालत, त्यांतल्या बऱ्याच पंपांच्या डब्यांत इथलीच कार्डे होती. पंप चालू करणाऱ्याचे हात बहुतेक वेळा ओले असतात. म्हणून कार्डावरच्या दोन पट्ट्यांमधून वीज झिरपत नाही ना, हे प्रत्येक कार्डावर मोजावेच लागे. रामसेवक भैया सव्वीस वर्षे हे काम हातातल्या मीटरने करत होता. एका कार्डाला अकरा मिनिटे लागत. ते काम आता माझ्याकडे आले.

मला बसवले सरलाने. प्रेम नगरात राहणारी, भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली तेवीस वर्षांची मुलगी. माझ्यासाठीच तिला सहा महिन्यांपुरते नेमले होते. तिने आधी वीज बंद केली, मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा बांधला, मग मला रॅकच्या तिसऱ्या खाचेत सरकवले. समोरच्या स्क्रूंना एकेक तार जोडली, चार वेळा तपासली आणि काळे झाकण लावले. मग कॉम्प्युटरसमोर बसून प्रोग्राम लिहिला : आधी सगळे रिले उघड. एक जोड. मोज. तो उघड. मगच पुढचा जोड.

पहिल्या आठवड्यात आकडे वाटेल तसे यायचे. विभागाचे प्रमुख विद्याधर सर मागे येऊन उभे राहिले. त्यांचे आणि सरलाचे, दोन्ही घरे झाशीतली मराठी, जुन्या ओळखीची. घरी ती त्यांना काका म्हणे, कारखान्यात सर.

"काय गं, धावत्या गाडीतून पाटी वाचल्यासारखा वाचतोय तुझा प्रोग्राम," ते म्हणाले.

ते खरेच होते. माझे पाते थडथडत असतानाच ती मोजत होती. तिने मध्ये वीस मिलिसेकंदांची वाट घातली आणि आकडे जाग्यावर आले. एका कार्डाला आता दीड मिनिट लागू लागले. मालक पाहुण्यांना घेऊन यायचे आणि म्हणायचे, "सुनिए, सुनिए, कैसा बोलता है!" मी टिकटिकत राही. ते माझे सुखाचे दिवस.

मग सप्टेंबर आला. त्या वर्षी विश्वकर्मा पूजा नेमकी गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी आली. सरलाच्या घरी दीड दिवसाचा गणपती. विसर्जनासाठी ती रजेवर होती, आणि त्याच कारणाने विद्याधर सरही. कारखान्यात लेथ, सोल्डरिंगची टेबले, पंखा, सगळ्यांना हार घातले गेले. रामसेवक भैया रोळीची वाटी घेऊन माझ्यापाशी आला. वाटीत ओली लाल रोळी, म्हणजे इकडचे कुंकू, वर थोडे तांदूळ. त्याने झाकणाकडे पाहिले आणि हसला.

"ढक्कन पे का टीका लगाएँ? मेहनत तो भीतर वारो करत है."

त्याने पेचकसाने झाकण काढले, अनामिका रोळीत बुडवली आणि माझ्या स्क्रूंच्या ओळीवर टिळा लावला. टिळा पडला सतरा आणि अठरा या दोन स्क्रूंच्या मधोमध. वर तांदळाचे दोन दाणे चिकटवले, हात जोडले आणि झाकण पुन्हा लावून टाकले. एवढा मान मला पूर्वी कोणी दिला नव्हता. पण ओल्या रोळीतून वीज सरपटते, हे मला त्याच क्षणी कळले, आणि सांगायला माझ्याजवळ टिकपलीकडे शब्द नव्हता.

बुधवारी सकाळी पहिले कार्ड लागले. सतरा ते अठरा हा रोध शंभर मेगाओहमच्या वर हवा. आकडा जितका मोठा, तितकी वीज कमी झिरपते. पडद्यावर उमटले ३.२. दुसरे कार्ड, ३.२. दहावे कार्ड, ३.३. तीनशे कार्डांची खेप शनिवारी जायची होती.

"सोमवारपर्यंत सगळी पास आणि आज सगळी नापास?" विद्याधर सर म्हणाले. "प्रोग्रामला हात लावलास का?"

"एक ओळही बदललेली नाही, सर."

"मग तुझे ते वीस मिलिसेकंद कमी पडत असतील. मागे वाट कमी पडलीच होती ना?"

सरलाने वीसचे दोनशे केले. मग दोन हजार. आकडा हलला नाही. संध्याकाळी सर खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले.

"हे बघ पोरी, शनिवारी बाराला मालक येतायत. तोवर कारण सापडलं तर ठीक. नाही तर मॉड्यूल खोक्यात घालून बंगळूरला, आणि रामसेवकजी पुन्हा मीटर घेऊन बसतील. मशीनच नसेल तर मशीनवरची कायमची जागा मी कुठल्या तोंडाने मागू?"

"म्हणजे माझी जागा."

"तुझीच. तुझ्या आईला मी काय सांगू, ते तूच सांग."

ते तीन दिवस मला फार जड गेले. दर वेळी प्रोग्राम सतराव्या रिलेवर आला की मी टिक करी आणि वाटे, आता हिच्या लक्षात येईल. ती मात्र कार्डे बदलून पाही, केबल बदलून पाही. गुरुवारी तिने वहीत तासातासाचे आकडे लिहिले. सकाळी नऊला ३.४. बाराला ११. तीनला १९. शुक्रवारी सकाळी पुन्हा ३.५. वहीकडे बघत ती पुटपुटली, "प्रोग्रामला घड्याळ कळत नाही. उन्हं वर आली की आकडा वाढतो. कुठेतरी ओल आहे."

मी अगदी कासावीस झालो. ओल माझ्या उरावर होती. पण ती कार्डांची कपाटे उघडून वास घेत होती, छताला गळती शोधत होती. माझे झाकण उघडायचे तिच्या मनातही येत नव्हते, कारण आतली जोडणी तिने स्वतःच्या हाताने केली होती आणि चार वेळा तपासली होती. शुक्रवारी तिने केबल कार्डाकडच्या टोकाला सोडवून ठेवली. कार्ड नाही, काही नाही. तरी ३.६. म्हणजे ओल कार्डांत नव्हतीच, उरलो होतो फक्त मी.

शनिवारी सकाळी दहाला तिने शेवटी पेचकस उचलला. रामसेवक भैया चहा घेऊन आला होता. तो म्हणाला, "बिटिया, ऊ कोने वारो पेंच ढीलो है. हमने पूजा में खोलो तो."

सरलाचा हात थांबला. "कब खोला था, भैया?"

"मंगल खों. टीका लगाओ तो भीतर."

तिने झाकण काढले. सतरा आणि अठरामध्ये लाल ठसा होता, दमट, आणि त्यात तांदळाचे दोन दाणे. रामसेवक भैया कपबशी हातात धरूनच पुढे वाकला. सरला ती घेऊन टेबलावर ठेवत होती, तेवढ्यात विद्याधर सर आले. त्यांनी आत डोकावले आणि ते लालबुंद झाले.

"सव्वीस साल मीटर पकड़ा आपने, रामसेवकजी! इतना नहीं पता? लड़की की नौकरी जाती!"

"गलती हमारी है, साहब," रामसेवक भैया म्हणाला. "हमई बतैहैं मालिक से."

"थांबा सर," सरला म्हणाली. "झाकण उघडू नये, असं झाकणावर कुठे लिहिलंय? ते लिहायचं काम माझं होतं. आणि तीन दिवस मी सगळं उघडून पाहिलं, फक्त माझं स्वतःचं काम सोडून." मग ती वळली. "भैया, ब्रश आप चलाइए. आपका हाथ मुझसे ज़्यादा सधा हुआ है."

त्याने जुना दातांचा ब्रश स्पिरिटमध्ये बुडवला आणि मला पुसायला लागला. दोन दाणे चिमट्याने उचलून खिशात ठेवले. दोन्ही स्क्रूंच्या खाचा, मधली पट्टी, तारांची टोके, सगळे तीन वेळा पुसले. मग टेबलावरचा साठ वॅटचा दिवा माझ्यावर वाकवला आणि तिघेही घड्याळाकडे पाहत उभे राहिले. अकरा वाजायला दहा मिनिटे होती.

मित्रांनो, दिव्याखाली वाळताना मला जे वाटत होते, ते तुम्हाला सांगतो. त्या बोटावर मी रागावलो नव्हतो. त्या बोटाइतक्या आदराने माझ्याकडे नंतरही फार कोणी पाहिले नाही. नवे मशीन आले तेव्हा मला फळीवर ठेवणाऱ्यांनी माझे झाकणसुद्धा नीट लावले नाही, आणि धुळीने माझे सहा रिले मुके झाले. म्हणून विनंती आहे, यंत्राला मान द्यायचाच असेल, तर ते कशाने आजारी पडते ते आधी विचारून घ्या. फुले बाहेर वाहा, आत कोरडे राहू द्या. आणि काही बिनसले की आपण स्वतः केलेली जोडणीही उघडून बघा, कितीही वेळा तपासलेली असली तरी. आम्हाला बोलता येत नाही. आम्ही फक्त टिक म्हणतो, आणि कोणी समजून घेईल म्हणून वाट पाहतो.

फाटकाशी मालकांच्या जीपचा हॉर्न वाजला. विद्याधर सर खिडकीपाशी गेले आणि परत आले. सरलाने दिवा बाजूला केला, झाकण लावले आणि पहिले कार्ड जागेवर बसवले. रामसेवक भैयाने डोळे मिटून घेतले होते. तिने कळ दाबली. सतरावा रिले, टिक. वीस मिलिसेकंद.

पडद्यावर ओळ उमटली :

कार्ड १, सतरा ते अठरा, वेळ ११.५२, रोध २३४० मेगाओहम.